जेवणाच्या टेबलावरचं जकार्ता

मानवी संस्कृतीचा इतिहास म्हणजे शेवटी छपराचा इतिहास. माणूस गुहेतून बाहेर आला तोच डोक्यावर आता काय घ्यायचं हा प्रश्न घेऊन, आणि ग्रीक, रोमन, मोगल हे सगळे त्या एका प्रश्नाची उत्तरं देता देता संपले. हा विचार मी नेदरलँड्समधल्या वाखनिंगन गावी, आमच्या घरी, जेवणाच्या टेबलाशी उभा राहून, हातात कटर धरून मोठ्यांदा मांडला. त्यावर माझी बायको मृदुला म्हणाली, "तुझं छप्पर आमटीत पडलंय."

पडलं होतं. सगळं नव्हतं, एक कडा. पण थर्माकोल आमटी कशी पितो हे ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांना माझं दुःख कळणार नाही.

ते छप्पर इंडोनेशियातल्या जकार्ता शहरातल्या एका प्रख्यात स्टेडियमचं होतं. ते आमच्या आमटीशेजारी का उभं राहत होतं, हे सांगायला हवं.

इकडे डिसेंबरच्या सुरुवातीला सिंटरक्लास नावाचे एक दाढीवाले सत्पुरुष येतात आणि पोरांना भेटी देतात. शाळेतल्या मोठ्या वर्गांत त्यांचं काम मुलांवरच सोपवलेलं असतं. चिठ्ठ्या टाकतात. ज्या मुलाची चिठ्ठी निघेल त्याच्यासाठी गुपचूप एक 'सुरप्रीझ' बनवायचं. म्हणजे पुठ्ठ्याबिठ्ठ्याची एखादी वस्तू करायची, तिच्या पोटात छोटीशी भेट दडवायची आणि सोबत सिंटच्या नावाने चार ओळींची कविता जोडायची. कोणी केलं ते सांगायचं नाही.

आमच्या भार्गवीला चिठ्ठी आली सेकारची. सेकार उन्हाळ्यात इंडोनेशियाहून आली होती. तिचे वडील इथल्या विद्यापीठात कोळंबीवर संशोधन करतात. पोरगी वर्गात खिडकीशी बसायची आणि कोणाशी अक्षर बोलायची नाही. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आल्यावर त्याच खिडकीशी आमचीही एक पोरगी तशीच बसायची, त्यामुळे भार्गवीला हे प्रकरण आतून माहीत होतं.

"बाबा, शी नेव्हर लाफ्स," ती म्हणाली. "मला तिला हसवायचंय. एकदाच."

हे एकच मागणं होतं. पुढे जे घडलं त्यात हे मागणं माझ्या नीट लक्षात राहिलं असतं तर ही गोष्ट अर्ध्या पानात संपली असती.

चिठ्ठीवर सेकारने स्वतःच्या आवडीत एकच शब्द लिहिला होता. खेळ. मी म्हटलं, "खेळ आणि इंडोनेशिया. म्हणजे बॅडमिंटन. यात विचारायचं काय?" इथे एक नोंद करतो. शेजारच्या नायमेखन शहरात माझं ऑफिस आहे, तिथले एक गृहस्थ दर वसंत ऋतूत मला योगासनांबद्दल काही ना काही विचारतात, आणि दर वसंत ऋतूत मी घरी येऊन, ही माणसं आपल्याला काय समजतात, या विषयावर मृदुलाला तासभर सुनावतो. तो ऋतू वेगळा, हा वेगळा.

भार्गवीची मूळ योजना अशी होती: बुटांचं खोकं, मधे जुन्या मोज्याची जाळी, आणि कागदी कपाचं मोठं फूल, म्हणजे शटल, ज्याला डोळे आणि मिशा.

"खोकं?" मी म्हणालो. "आपल्या घरातून खोकं जाणार?"

"आपल्या घरातून रोज कागदाच्या कचऱ्यात खोकीच जातात," मृदुला म्हणाली.

पण माझ्यातला कलावंत जागा झाला होता. वाचकांना माझी पूर्वपीठिका ठाऊक नसेल. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत गणपतीचं मखर सलग काही वर्षं मीच करत होतो. एका वर्षी केलेल्या थर्माकोलच्या राजवाड्याला वॉर्डात उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. उत्तेजनार्थ म्हणजे चौथं, असं मृदुला सांगत फिरते. पण उत्तेजन मिळाल्यावर माणसाने काही वर्षांनी का होईना उत्तेजित झालं पाहिजे, नाहीतर परीक्षकांचा अपमान होतो.

मी संगणकावर जकार्ताचं स्टेडियम शोधलं आणि पहिल्याच चित्राने भारावून गेलो. केवढं ते! बांगडीसारखं गोल छप्पर, खाली माणसांचा समुद्र. शनिवार-रविवार खपून मी त्याची चौकट उभी केली. भार्गवी येऊन दोनदा बघून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "बाबा, इट्स ओपन."

"काय ओपन?"

"वरून. मधे आकाश आहे. वारा आला तर शटल उडून जाईल ना?"

मी तिला स्थापत्यातल्या प्रतीकात्मकतेबद्दल थोडं सांगितलं. मग ती गेल्यावर दार लावून पुन्हा संगणक उघडला. ते फुटबॉलचं स्टेडियम होतं. बॅडमिंटनचं त्याच आवारात, शेजारी, वेगळं. त्याचं नाव इस्तोरा. गोलसर, बसकं आणि पूर्ण झाकलेलं. जगभरातले बॅडमिंटनपटू तिथल्या प्रेक्षकांच्या गोंगाटाला वचकून असतात म्हणे. एका देशाने एकाच आवारात दोन गोल स्टेडियमं बांधून परदेशी पालकांची अशी दिशाभूल का करावी, हे मला अजून कळलेलं नाही.

फुटबॉलचं स्टेडियम मोडायचा धीर होईना. मी ते कपाटावर ठेवलं. (अजून आहे. मृदुला त्यात कांदे ठेवते.)

नव्या कामाला थर्माकोल हवा होता. पुण्यात थर्माकोल म्हटलं की तुळशीबागेपर्यंत जायचं, संपलं. इथे तो विकत घेणारा माणूस मीच पहिला असावा. थर्माकोलला डच भाषेत पीपस्खाउम म्हणतात, म्हणजे चूंचूं करणारा फेस. नाव ठेवायला हे लोक हुशार, वस्तू द्यायला तितके नाहीत. मला सुचलं की गावाच्या कचरा केंद्रावर टीव्ही-फ्रिजबरोबर आलेला थर्माकोल ढिगाने पडलेला असतो. गेलो. नारिंगी कोटातल्या साहेबांनी माझं कार्ड तपासलं आणि विचारलं, "काय आणलंत?"

"काही नाही. न्यायला आलोय."

त्यांनी कार्ड पुन्हा तपासलं. "इथे कचरा देता येतो. नेता येत नाही."

"पण तो कचराच आहे ना? मी नेला तर तुमचा भार कमी."

"तुम्ही नेलात तर तो कचरा राहत नाही," ते शांतपणे म्हणाले. "मग तो माल होतो. मालाचा विभाग वेगळा, आणि तो आपल्याकडे नाही."

असं तत्त्वज्ञान मी काशीच्या पंडिताकडूनही निमूट ऐकून घेतलं असतं. मागे गाड्यांची रांग लागली होती. रिकाम्या हाताने परत जायला लाज वाटली म्हणून मी गाडीतली जुनी छत्री तिथे टाकून आलो. ती चांगली छत्री होती हे पुढे पावसात कळलं.

शेवटी थर्माकोल दिला आमच्या शेजारच्या ट्रूसबाईंनी. वय सत्तरीच्या पुढचं, केस कापसासारखे आणि बोलणं करवतीसारखं. त्यांच्या नव्या वॉशिंग मशीनचं अख्खं पॅकिंग गॅरेजमध्ये होतं. दोन दिवसांनी त्या कॉफीला आल्या आणि टेबलाभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाल्या, "फार सुंदर. कोणी केलं?"

"भार्गवीने," मी म्हणालो.

ट्रूसबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "भार्गवी माझ्या नातवाबरोबर ट्रॅम्पोलीनवर आहे. सोमवारपासून."

"कल्पना तिची आहे."

"तिची कल्पना खोक्याची होती. मिशावालं फूल. मला सांगितलं तिने." मग कॉफीचा घोट घेऊन (माझ्या नावातल्या 'वि'चा त्या 'फि' करतात), "फिशवास, हे मुलांनी वेडंवाकडं करायचं असतं. वेडंवाकडं असलं की हसू येतं. हे बघून मला माझ्या आर्किटेक्ट जावयाची आठवण येते. त्याला बघून कोणी हसत नाही."

डच माणूस अपमान करत नाही, फक्त हवामान सांगितल्यासारखं सांगतो. छत्री आपण आणायची. माझी कचरा केंद्रात होती.

त्याआधीच मराठी मंडळाच्या ग्रुपवर मी उत्साहाने फोटो टाकून बसलो होतो. तासाभरात द हेगपासून आइंडहोवनपर्यंतचं अभियांत्रिकी ज्ञान माझ्यावर कोसळलं. कोणी म्हणालं दिवे लावा, कोणी म्हणालं बॅटरीचा पंखा बसवा म्हणजे आतली हवा खेळती राहील. कोणाची हवा, हे विचारायचं राहून गेलं. एका काकूंनी 'आरास सुंदर, मूर्ती कुठून आणली?' असं लिहिलं. आणि नीळकंठ गाडी काढून थेट घरीच आला.

नीळकंठ माझ्याच ऑफिसात आहे. केसाच्या जाडीची चूक जिथे महापाप मानतात त्या विभागात तो असल्यामुळे त्याच्यापुढे कोणी फूटपट्टी काढत नाही. तो टेबलाशी वाकून बघत असतानाच भार्गवी पाणी प्यायला आत आली आणि सहज म्हणाली, "सेकार हे ब्रेक करणार तेव्हा बाजूला व्हा हां, काका. पीसेस उडतील."

मी कटर टेबलावर ठेवला.

"ब्रेक करणार म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे प्रेझेंट आत असतं ना. मग मोडून काढायचं. सगळे मोडतात. दॅट्स द फन."

"मोडायचं?"

"बाबा, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

सांगितलं असेल. मी तेव्हा खोक्याच्या विरोधात बोलत होतो.

"एवढं काय," मृदुला म्हणाली. "दर वर्षी गणपती विसर्जन करतोस की."

"गणपती विसर्जन करतो. मखर नाही! मखर आपण चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवतो! कोणी मखर मोडल्याचं ऐकलंयस?"

"ऐकलं नाही," नीळकंठ गंभीरपणे म्हणाला. महाराष्ट्राचा तीनशे वर्षांचा अनुभव त्याच्या आवाजात होता. "लेका, घाबरू नकोस. खालून ड्रॉवर देऊ. पोरगी ओढेल, भेट घेईल, इमारत शाबूत. टॉलरन्स, म्हणजे फटीचा हिशेब, मी काढतो."

त्याने टॉलरन्स काढला. ड्रॉवर असा बसला की नुसती फुंकर मारली तरी सरकावा. त्यात प्लास्टिकच्या फुलांची नळी आणि चॉकलेटचं S अक्षर ठेवलं. इथे अक्षराच्या आकाराचं चॉकलेट देतात. मग मी सगळ्या भिंती अशा गोंदाने पक्क्या केल्या की भूकंपप्रवण देशातल्या इमारतीला शोभाव्या. प्रेक्षक म्हणून रंगवलेल्या मोहऱ्या चिकटवल्या. भार्गवीच्या वाट्याला फक्त कविता उरली, कारण ती डचमध्ये हवी होती आणि माझं डच दुकानात पिशवी नको म्हणण्यापुरतं आहे. तिने ती खोलीत बसून लिहिली आणि दाखवली नाही.

नेण्याच्या दिवशी सकाळी पाऊस होता, आणि वारा असा की गावातले अनुभवी सायकलवालेसुद्धा उतरून चालत होते. इस्तोरा आमच्या गाडीत मावेना. ट्रूसबाईंनी त्यांच्या मुलीची बाकफीट्स दिली. बाकफीट्स म्हणजे पुढे लाकडी पेटी लावलेली सायकल. तिच्यात डच आया तीन मुलं, कुत्रा आणि आठवड्याचा बाजार घालून फोनवर बोलत चढ चढतात. मी चढाशिवायच दोन वेळा गटाराच्या काठाला लागलो. इस्तोरावर काळी कचऱ्याची पिशवी ताणली होती, ती वाऱ्याने फुगून शिडासारखी झाली आणि काही अंतर सायकल मी नव्हे, वाऱ्यानेच चालवली. भार्गवी मागून तिच्या सायकलवर येत होती. शाळा जवळ आली तशी तिने अंतर वाढवलं. मी तिला दोष देत नाही. गुपचूप न्यायची वस्तू आणणारा भिजलेला भारतीय बाप सगळ्या पटांगणाने पाहिला. कोणी आणलं हे रहस्य तिथेच संपलं, आत काय आहे एवढंच उरलं.

मग वर्गाचं दार. इस्तोरा दारातून जाईना. मी मोजमाप हजारो लोकांच्या हिशेबाने केलं होतं, एका दाराच्या नव्हे. भार्गवीच्या बाई, ज्यांना सगळे युफ म्हणतात, धावत आल्या. "आडवं करा," त्या म्हणाल्या. आम्ही दोघांनी जकार्ताची शान उभी कुशीवर फिरवली. आत काहीतरी गडगडत गेलं आणि खट् करून कुठेतरी अडकलं. मी ऐकलं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ऑफिसमधल्या अनुभवाचा हा एवढाच उपयोग.

"आता थांबाच तुम्ही," युफ म्हणाल्या. "बाहेर काढायला पण दोघं लागतील." म्हणून वर्गात मागे, दहा वर्षांच्या मुलाच्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला लावून मी बसलो.

एकेक सुरप्रीझ उघडलं जाऊ लागलं. कोणाचा तीन पायांचा घोडा, कोणाचा टॉयलेट रोलचा गेंडा ज्याचं शिंग मागे होतं. एकेक वस्तू म्हणजे आमच्या वॉर्डाच्या परीक्षकांना झीट यावी. आणि पोरं खिदळत होती, फाडत होती, एकमेकांच्या अंगावर कागद उडवत होती. तो गेंडा ज्याला मिळाला तो मुलगा तर हसून खाली बसला. ट्रूसबाईंचा जावई मला उगाचच आठवला.

सेकारचं नाव आलं. ती उठली. इस्तोरासमोर उभी राहिली आणि वर्ग गप्प झाला. जशी माणसं संग्रहालयात होतात तसा. मला वाटलं ही दाद आहे. मग सेकारचा चेहरा पाहिला. ती घाबरली होती. एवढ्या मोठ्या, गुळगुळीत, निर्दोष वस्तूसमोर एक छोटी मुलगी हात मागे बांधून उभी होती, आणि हात लावला तर कोणीतरी रागावेल असं तिला वाटत होतं. रागावणारा माणूस मागच्या खुर्चीवर बसला होता.

भार्गवी माझ्याकडे बघत नव्हती. तिने ओठ घट्ट मिटले होते.

सेकारने ड्रॉवर ओढला. हलेना. युफनी ओढला. हलेना. मी मागून म्हणालो, "थोडा डावीकडे," तो उजवीकडेही हलेना. चॉकलेटच्या S ने ड्रॉवर आतून पाचर मारल्यासारखा धरला होता.

"कविता वाच," युफ हळूच म्हणाल्या.

सेकारने अडखळत वाचली. डच होती, तरी मला कळली, कारण भार्गवीने मुद्दाम सोपी लिहिली होती.

सेकार, तू बोलत नाहीस,
आवाज साठवतेस का?
हे घे एक स्टेडियम.
इथे ओरडायला परवानगी आहे.

सेकारने कागद खाली केला आणि वर्गाकडे पाहिलं. मग बरोबर भार्गवीकडे. पटांगणातला माझा अवतार पाहिल्यावर ते ओळखायला सिंट व्हायची गरज नव्हती. भार्गवी उठली, पुढे गेली आणि एवढंच म्हणाली, "मी पण येते."

आणि सेकार ओरडली. काय ओरडली ते कोणत्या भाषेत होतं मला माहीत नाही, पण इतक्या महिन्यांचं होतं. दोघींनी हात धरले आणि माझ्या छपरावर उडी मारली.

छप्पर तुटलं नाही. भूकंपरोधक होतं ना. त्या उसळून खाली पडल्या, एकमेकींवर, आणि तिथेच सेकारला हसू फुटलं. त्यांनी पुन्हा उडी मारली. वर्ग "स्लोपेन! स्लोपेन!" ओरडू लागला, म्हणजे पाडा, पाडा. चौथ्या-पाचव्या उडीला इस्तोराने एक दीर्घ चूंचूं असा आवाज करून प्राण सोडला. पांढरे दाणे बर्फासारखे उडाले. माझे रंगवलेले प्रेक्षक फळ्यापर्यंत गेले. सेकार दाण्यांत बसून तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, इतकी हसत होती की युफनी चष्मा काढून पुसला. मीही टाळ्या वाजवत होतो. माझ्या कोथरूडच्या इतिहासातलं पहिलं मखर माझ्या डोळ्यांदेखत मोडत होतं, आणि मला कळत होतं की आजवरच्या सगळ्या मखरांपेक्षा याचंच चीज झालं. त्या दोन पोरींचा मी मनापासून ऋणी आहे. त्यांनी मला परीक्षकांच्या तावडीतून सोडवलं.

झाडायला मला केरसुणी दिली गेली. दुपारी शाळा सुटताना सेकारची आई भेटायला आली. हात छातीशी नेऊन इंग्रजीत म्हणाली, "थँक यू. ती घरी येताना कधी बोलत नाही, आज फोनवरच सगळं सांगून टाकलं. म्हणाली, तिला एक प्रचंड मोठा भाताचा कुकर मोडायला मिळाला."

"इस्तोरा," मी म्हणालो. "जकार्तातलं. बॅडमिंटनचं."

"ओह," ती अत्यंत सभ्यपणे म्हणाली. "आम्ही मकासरचे, दुसऱ्या बेटावरचे. जकार्ताला मी फक्त विमान बदलायला उतरले आहे. आणि सेकार पोहते. बॅडमिंटन तिला नाही येत. पण ती फुलं छान आहेत, रंगीत."

मी तिची माफी मागितली. ती का, हे तिला कळलं नाही. माझ्या ऑफिसातल्या योगासनवाल्या गृहस्थांशी मात्र मी त्या दिवसापासून जरा प्रेमाने वागतो.

भार्गवीलाही बॅडमिंटन येत नव्हतं. पण फुलं तर होती. म्हणून दोघींनी गावातल्या क्लबात नाव घातलं. आता त्या दर शनिवारी नेटच्या एकाच बाजूला उभ्या राहून फूल चुकवतात आणि आरडाओरडा करतात. इथल्या क्लबांत मुलांचं नाव घातलं की पालकांना कँटीनची पाळी लागते. माझी दर पंधरवड्याला असते. मी चीजचे सँडविच भाजतो. तिथून हॉल सगळा दिसतो. त्याचं छप्पर सपाट आहे.